दर हिवाळ्यात गॅरेजमुळे घर गारठतंय? शटर बदलायच्या आधी हे करून बघा

डिसेंबर लागला की रो-हाउस आणि जुन्या बंगल्यांतल्या लोकांची एकच तक्रार सुरू होते. गॅरेजला लागून असलेली खोली, नाहीतर गॅरेजच्या डोक्यावरची बेडरूम पहाटे एवढी गार पडते की आजी-आजोबांसाठी हीटर लावावाच लागतो, मग जानेवारीचं बिल बघून सगळे हबकतात, मग कोणीतरी शटरला आतून थर्मोकोल नाहीतर ते चंदेरी बबलवालं शीट चिकटवतं, ते एप्रिलच्या उन्हात सुटून गाडीच्या बॉनेटवर पडतं, आणि पुढच्या डिसेंबरात पहिले पाढे पंचावन्न. हे दरवर्षी का होतं आणि एकदाचं कसं मिटवायचं त्याबद्दल लिहितोय. पोस्ट लांबली आहे, पण घरात गॅस गीझर किंवा गॅरेजमध्ये इन्व्हर्टरची बॅटरी असेल तर शेवटचा भाग वाचल्याशिवाय एकही फट बुजवू नका, हे आधीच सांगून ठेवतो.

माझं मत पहिल्यांदा सांगून टाकतो म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांचं काम होईल: पुण्याच्या थंडीत शटर जाड की पातळ यानं फार फरक पडत नाही, फरक पडतो तो फटींनी आणि शटर कधी उघडं ठेवता, कधी बंद करता त्यानं. फोम भरलेलं महागडं शटर हा आपल्याकडे सगळ्यात शेवटचा उपाय आहे आणि दुकानदार तोच सगळ्यात आधी सुचवतो.

यूट्यूबवर गॅरेज डोअर आणि विंटर एवढं टाकलं की जे काही येतं ते अमेरिका-कॅनडाचं असतं. तिकडे बाहेर उणे दहा, उणे वीस, घराला चिकटून दोन गाड्यांचं गॅरेज, आणि दार म्हणजे आडव्या मोठ्या पॅनेलांचं, जे रुळावरून वर सरकून छताखाली आडवं होतं. त्या पॅनेलांच्या मागे फोमची शीट बसवता येते, म्हणून तिकडे सगळे त्या आर-व्हॅल्यूबद्दल बोलतात, म्हणजे दार उष्णता किती अडवतं त्या आकड्याबद्दल. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी गुंडाळणारं शटर असतं, पट्ट्या एकमेकींत अडकवलेल्या आणि वर पाइपवर गुंडाळी होणारी. याला आतून काहीही चिकटवलं तर पट्ट्यांच्या सांध्यात ते चिमटतं, गुंडाळी जाड होते, वरच्या बॉक्सला घासते, आणि स्प्रिंगवर नको तेवढं वजन येतं. म्हणजे थर्मोकोल पडतो तो गोंद वाईट होता म्हणून नाही, तो तिथे टिकणारच नव्हता. अजून एक, जाहिरातीत आर-अठरा वगैरे आकडा दिसला तर तो बहुतेक वेळा पॅनेलच्या मधल्या भागाचा असतो, कडा, सांधे, गाईड (बाजूचे खाचेचे खांब, ज्यांत शटर सरकतं) धरून अख्ख्या दाराचा नसतो, आणि तो अमेरिकन फूट-फॅरनहाइटच्या हिशोबातला असतो, आपल्या मेट्रिक हिशोबात आणायला साधारण ५.७ ने भागायचं, म्हणजे अठराचे झाले तीन आणि थोडंसं.

आता पुण्याची थंडी. शिवाजीनगरला जानेवारीत पहाटेचं किमान सरासरी ११ अंशांच्या आसपास आणि दुपारचं कमाल ३० च्या आसपास. पाषाण, एनडीए, हवेलीकडे पहाट आणखी दोन-तीन अंशांनी गार असते, मगरपट्ट्याकडे त्यामानाने उबदार. (जुने लोक सांगतात तशी थंडी आता राहिली नाही हे खरंच आहे, १७ जानेवारी १९३५ ला पुण्यात पारा १.७ वर गेला होता, पण त्या दिवशी कोणाकडे गॅरेज होतं म्हणा.) यातला महत्त्वाचा आकडा अकरा नाही, तीस आहे. दुपारी बाहेर फुकटचा हीटर चालू असतो आणि नेमकं त्याच वेळी आपलं शटर बंद असतं कारण सगळे ऑफिसला, आणि संध्याकाळी घरी आल्यावर गाडी लावली, सामान काढलं, शेजाऱ्यांशी गप्पा झाल्या, या नादात आठ-साडेआठपर्यंत शटर सताड उघडं. बरोबर उलटं चालू आहे. डिसेंबरअखेर सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो आणि आभाळ स्वच्छ असल्यामुळे त्यानंतर हवा भराभर उतरते, ती सकाळी सात-सव्वासातपर्यंत उतरतच राहते.

त्यामुळे पहिला उपाय शून्य रुपयांचा. घरात कोणी असेल तर दुपारी बारा ते चार शटर वर, ऊन आत जमिनीवर पडू द्या, आणि साडेपाचला खाली. गाडी उशिरा येणार असेल तर ती घेताना उघडा आणि लगेच ओढा, गप्पा बाहेर मारा. सुरक्षेचा प्रश्न असतो हे मान्य, ज्यांच्याकडे शटरच्या आत चॅनेल गेट आहे त्यांचं सोपं आहे, गेटला कुलूप आणि शटर वर, ज्यांच्याकडे नाही त्यांनी घरात माणूस असतानाच हे करावं. धूळ येते हेही मान्य, आणि गल्लीतली कुत्री उन्हाला येऊन आत झोपतात, त्याला माझ्याकडे उपाय नाही.

शटर उत्तरेला असेल तर ऊन थेट येणार नाही पण तीस अंशांची हवा तर येईल ना, तेवढंही पुरतं. गॅरेजची फरशी जमिनीवरच टेकलेली असल्यामुळे ती स्वतःही मदत करते, पुण्याचं वर्षभराचं सरासरी तापमान २४-२५ अंश धरलं तर खालची माती हिवाळ्यातसुद्धा त्याच्या आसपासच असते, म्हणजे पहाटेच्या हवेपेक्षा खूप गरम. फटी बंद केल्या तर रात्रभर ही जमीन गॅरेजला थोडी थोडी ऊब देत राहते, उघड्या फटींतून ती ऊब तशीच बाहेर निघून जाते.

थोडा हिशोब करू, कंटाळा आला तर हा परिच्छेद सोडा. आठ बाय सातचं शटर म्हणजे साधारण ५.२ चौरस मीटर. पत्रा एक मिलिमीटरच्या आसपास, तो उष्णता अडवतच नाही म्हटलं तरी चालेल, जो काही अडथळा होतो तो पत्र्याच्या दोन्ही अंगाला चिकटून असलेल्या हवेच्या थराचा. आत-बाहेर दहा अंशांचा फरक असेल तर अशा शटरमधून तीनशे वॉटच्या आसपास उष्णता जाते. ऐकायला भरपूर वाटतं, पण गॅरेज आपण गरम करत नाही, त्यामुळे दहा अंशांचा फरक तिथे नसतोच, दोन-चार अंशांचा असतो. आता फट बघा. आठ फुटी शटरखाली एक इंच फट म्हणजे ९६ चौरस इंच, भिंतीला जवळपास दहा इंच बाय दहा इंचाचं भोक. एवढं भोक कोणी बेडरूमच्या भिंतीला ठेवलं असतं का? आणि ते एकटं नसतं, वर गुंडाळीच्या बॉक्सपाशी दुसरं असतं, गार हवा खालून शिरते, उबदार हवा वरून निघते, रात्रभर.

फटी शोधायच्या कशा? रात्री गॅरेजचा दिवा बंद करून एकानं आत उभं राहायचं आणि दुसऱ्यानं बाहेरून मोबाईलचा टॉर्च शटरच्या कडेकडेनं फिरवायचा, जिथून उजेड दिसेल तिथे खडूनं खूण. मग उदबत्ती लावून खाली, दोन्ही गाईडपाशी, कुलपाच्या भोकापाशी आणि वर बॉक्सपाशी धरायची, धूर जिकडे वाकतो तिकडे हवा चालली आहे. हे पहाटे केलं तर जास्त कळतं कारण तेव्हा फरक सगळ्यात मोठा असतो. (पेट्रोलचा वास येत असेल तर उदबत्ती अजिबात नको, आधी वास कुठून येतोय ते बघा.) आणि एक साधा डिजिटल थर्मामीटर घ्या, तीन जागी ठेवून सकाळी सहाचे आकडे लिहा: अंगणात, गॅरेजमध्ये, आणि आतल्या खोलीत. अंगण आणि गॅरेज सारखेच असतील तर शटर असून नसल्यासारखं आहे, फटींचं काम करा. गॅरेज अंगणापेक्षा चार-पाच अंश गरम आहे आणि तरी खोली गार आहे, तर दोष शटरचा नाहीच, आतल्या दाराचा, भिंतीचा किंवा खोलीच्याच खिडकीचा आहे, तिथे शटरवर पैसे घालवू नका.

कोविडमध्ये घेतलेली कपाळावर धरायची ती बंदूक यासाठी वापरू नका, ती माणसाच्या तापाच्या रेंजपुरतीच असते, पत्र्यावर धरली की नुसतं लो दाखवते. वर्कशॉपवाली इन्फ्रारेड गन चालते, पण चकचकीत पत्र्यावर तीही खोटं बोलते, म्हणून शटरवर काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवा, दहा मिनिटं थांबा आणि त्या टेपवर मोजा.

आता खालची फट. इथेच सगळ्यांचं दरवर्षी फसतं म्हणून जरा सविस्तर. शटरची खालची पट्टी सरळ असते पण फरशी सरळ नसते, गाडीची चाकं जिथून जातात तिथे ती बसलेली असते, पाणी बाहेर जावं म्हणून उतार दिलेला असतो, चेकर्ड टाइल्स असतील तर खाचा असतात. अशा जागी एकसारखी रबर पट्टी लावली तर मध्ये फट राहते आणि कडेला रबर एवढं दाबलं जातं की महिन्याभरात फाटतं. म्हणून आधी कडेपासून कडेपर्यंत दोरा ताणून बघा फरक किती आहे. पाच-सहा मिलिमीटरपर्यंत असेल तर शटरच्या पट्टीला अॅल्युमिनियमच्या चॅनेलमध्ये बसणारं रबर पुरे. त्याहून जास्त असेल तर रबर फरशीवर लावायचं, म्हणजे उंबऱ्यासारखी रबराची पट्टी फरशीला चिकटवायची आणि शटर त्यावर येऊन टेकतं, जिथे खड्डा आहे तिथे आधी सिमेंटचा हात फिरवून पातळी करून घ्यायची. याचा फायदा पावसाळ्यातही होतो, वाऱ्यानं आत येणारं पाणी अडतं, आणि उंदीर-घुशींचा रस्ताही बंद होतो, खरं सांगायचं तर बरेच लोक थंडीपेक्षा घुशींसाठीच हे काम करून घेतात. फक्त गाडी गॅरेजमध्येच धूत असाल तर ते पाणी जाणार कुठून याचा विचार करा, कोपऱ्यात ट्रॅप, म्हणजे पाणी जायची जाळी, नसेल तर उंबऱ्याला एका टोकाला दोन बोटं जागा सोडा आणि तिथे ब्रश लावा.

पट्टी सुटते का? एक, ती धुळीवर आणि जुन्या ग्रीसवर चिकटवलेली असते. दोन, फक्त डबल टेपवर विश्वास ठेवलेला असतो, पश्चिमेचं शटर एप्रिल-मे मध्ये हात लावू देत नाही एवढं तापतं, तो टेप कसा टिकेल. तीन, खाली गंज असतो आणि गंजाचा पापुद्राच पट्टीसकट सुटतो. म्हणून पॉलिश पेपरनं गंज घासायचा, थिनरनं पुसायचं, रेड ऑक्साइडचा हात मारून नीट वाळू द्यायचं, आणि मग पट्टी स्क्रूनं किंवा रिव्हेटनं पक्की करायची, गोंद असलाच तर तो जोडीला. फरशीवरच्या पट्टीला मात्र गोंदच लागतो, तिथे बांधकामाचा पॉलियुरेथेनचा गोंद वापरा आणि पुरता सुकेपर्यंत गाडी बाहेर लावा, हे कोणी करत नाही, त्याच रात्री गाडी आत घेतात आणि मग पट्टीच्या नावानं ओरडतात.

बाजूच्या गाईडमध्ये पट्ट्यांना खेळायला जागा ठेवलेलीच असते, ती रबरानं पूर्ण भरायला गेलात तर शटर अडकेल. तिथे ब्रशची पट्टी, नायलॉनचे केस असलेली, गाईडच्या आतल्या तोंडाला लावायची. वारं असताना शटर खडखड वाजतं तेही यानं बरंच कमी होतं. वरच्या बॉक्सपाशी एक गंमत आहे, शटर खाली येतं तशी वरची गुंडाळी बारीक होत जाते, म्हणजे शटर पूर्ण बंद असताना लिंटेल (शटरच्या वरची आडवी तुळई) आणि शटरमधली फट सगळ्यात मोठी असते आणि उघडं असताना तिथे नीट दिसतही नाही. तिथे लिंटेलला स्क्रू केलेला रबराचा लवचिक पदर किंवा लांब केसांचा ब्रश पाहिजे, लाकडाची फळी वगैरे ठोकू नका, ती पहिल्याच दिवशी घासायला लागेल. माझ्या मते वरची फट खालच्या एवढीच महत्त्वाची आहे आणि दहातले नऊ लोक तिच्याकडे बघतसुद्धा नाहीत. कुलपाच्या भोकांना आतून झडप लावा, झालं.

सामान कुठे मिळेल असं विचारणार म्हणून सांगतो, ब्रश पट्टी आणि अॅल्युमिनियम चॅनेलसाठी पुण्यात बोहरी आळीतल्या हार्डवेअरच्या दुकानांत फिरा, दाराची रबरी बीडिंग नाना पेठेत गाड्यांच्या पार्टवाल्यांकडे बघा, गाडीच्या दाराला असतं तसलं पोकळ रबर आतल्या फ्लश डोअरच्या चौकटीला एकदम फिट बसतं. ऑनलाइनही मिळतं पण रबर हातात धरून दाबून बघितलेलं बरं, कडक प्लॅस्टिकची पट्टी रबर म्हणून खपवतात.

जाळीचं शटर असेल तर काय? म्हणजे हवा खेळावी म्हणून भोकं असलेल्या पट्ट्यांचं. तिथे वरचं काहीच लागू होत नाही, फटी बुजवून उपयोग नाही कारण अख्खं शटरच फट आहे. त्यावर सगळ्यात स्वस्त आणि चांगला इलाज म्हणजे आतून पडदा. जाड कॅनव्हासचा, छताखाली पाइप नाहीतर ताणलेली वायर लावून त्यावर कड्यांनी सरकणारा, शटरपासून चार बोटं आत आणि जमिनीला टेकणारा. साध्या शटरलाही हा चालतो, मधली हवा स्थिर राहिली तर पत्र्यातून जाणारी उष्णता जवळपास निम्मी होते, आणि गुंडाळीला काही चिकटवावं लागत नाही. उन्हाळ्यात धुऊन, घडी करून माळ्यावर. ताडपत्रीही चालेल पण गाडीचा सायलेन्सर तिला लागणार नाही असं बघा. मला विचाराल तर दोन-तीन हजारांत जे होतं ते हेच आहे, फटी आणि पडदा.

आता घराच्या बाजूचं. गॅरेज आणि खोलीमधलं दार बहुतेक वेळा साधं फ्लश डोअर असतं आणि त्याच्याखाली अर्धा इंच जागा असते कारण कधीतरी फरशी बदलली आणि दार तासलं गेलं. तिथे दाराखाली अडकवायची फोमची दुहेरी नळी मिळते ती लावा आणि चौकटीला बीडिंग. दारापेक्षा भिंत जास्त खाते हे मात्र कोणी सांगत नाही, दहा बाय दहाची सहा इंची विटांची भिंत, पलीकडे गॅरेज सहा अंशांनी गार, तर त्या भिंतीतून शंभर-सव्वाशे वॉट सहज जातात, दारातून त्याच्या पावपटही नाही. म्हणून पलंग त्या भिंतीला टेकवलेला असेल तर हलवा, कपाट त्या भिंतीला लावा, कपड्यांनी भरलेलं कपाट फुकटचं इन्सुलेशन आहे. डोक्यावरच्या बेडरूमची गोष्ट वेगळी, तिथे पाच इंची स्लॅब गार पडतो आणि फरशीतून पाय गारठतात, त्यावर सतरंजी नाहीतर जाड जाजम अंथरा, हिवाळ्याचे दोन महिने. स्लॅबला खालून, गॅरेजच्या बाजूनं फोमची शीट लावता येते पण ती उघडी ठेवायची नाही, थर्मोकोल आणि पीयू फोम भडकतात आणि खाली पेट्रोलची गाडी उभी असते, त्यावर जिप्सम किंवा सिमेंट बोर्ड पाहिजेच, आणि मग खर्च वाढतो, हीटरच्या बिलातून तो निघणार नाही.

हीटरच्या बिलाचंही बघून घ्या. दोन हजार वॉटचा हीटर चार तास म्हणजे आठ युनिट, महिन्याला २४०. महावितरणच्या घरगुती बिलात १००, ३०० आणि ५०० युनिटला टप्पा बदलतो, त्यामुळे एरवी अडीचशे युनिट वापरणारं घर एकदम पाचशेच्या दाराशी जातं आणि वरचे युनिट महागातले पडतात, म्हणून बिल दुप्पट नाही तर त्याहून जास्त वाटतं. खोली दोन-तीन अंशांनी कमी गारठली तर हीटर हजारवर चालतो किंवा झोपताना तासभर लावून बंद करता येतो. गॅरेजमधून गीझरचा गरम पाण्याचा पाइप जात असेल तर त्यावर एसीवाले तांब्याच्या नळीला लावतात तसली काळी फोमची नळी चढवा, आंघोळीआधी गार पाणी सोडून द्यायचं प्रमाण कमी होतं.

फटी बुजवल्यावर काही घरांत नवीन तक्रार येते, सकाळी शटरला आतून घाम. पत्र्यातून पाणी येत नाही, हा आतलाच ओलावा आहे, गॅरेजमध्ये वॉशिंग मशीन असतं, ओले कपडे वाळत घातलेले असतात, रात्री धुतलेली गाडी ओली आत आणलेली असते, आणि स्वच्छ आभाळाखाली पत्रा हवेपेक्षाही गार होतो म्हणून तो सगळा ओलावा त्याच्यावर जमतो. यावर फट परत उघडू नका, ओलावा बाहेर काढा, कपडे दुपारी शटर उघडं असताना वाळवा, आणि छताजवळ जाळी लावलेला छोटा झरोका ठेवा. रोज ओघळ येत राहिले तर खालची पट्टी दोन पावसाळ्यांत गंजते आणि मग रबराला धरायला काही उरत नाही.

सकाळी शटर जड लागतं ही तक्रार वेगळी, ते थंडीनं घट्ट झालेलं जुनं ग्रीस आणि त्यात बसलेली धूळ. कपड्यानं पुसून काढा आणि गाईडमध्ये सिलिकॉन स्प्रे मारा, परत ग्रीस थापू नका, ब्रशला तर अजिबात लागू देऊ नका. तरीही जड असेल तर स्प्रिंग, आणि स्प्रिंगला आपण हात लावायचा नाही, तिच्यात ताण साठवलेला असतो, शटरवाल्यालाच बोलवा. मोटरचं शटर असेल तर खाली रबर लावल्यावर लिमिट, म्हणजे मोटर कुठे थांबायची ती जागा, परत सेट करून घ्यावी लागते, नाहीतर मोटर रबराला अडथळा समजून शटर परत वर नेते किंवा दाबत बसते आणि गरम होऊन ट्रिप होते. अडथळ्याचा सेन्सर त्रास देतो म्हणून बंद करून ठेवणारे महाभाग आहेत, लहान मुलं आणि मांजरं असलेल्या घरात हे करू नका.

आता ते सुरुवातीला म्हटलेलं. गॅरेजमध्ये किंवा गॅरेजमधून हवा घेणाऱ्या बाथरूममध्ये गॅस गीझर असेल तर फटी बुजवायच्याच नाहीत, आधी गीझर उघड्या हवेत न्या. हवा कमी पडली की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला वास नाही, रंग नाही, माणूस झोपेतच जातो. तेच बंद शटरमागे गाडी किंवा स्कूटर गरम करत ठेवण्याबद्दल, तेच कोळशाच्या शेगडीबद्दल, वॉचमन काकांना सांगून ठेवा. इन्व्हर्टरची पाण्याची बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते, तो हलका असतो, छताशी जमतो, म्हणून बॅटरी असलेल्या गॅरेजला वरचा झरोका हवाच, तो जिवाचा प्रश्न आहे, ऊब गेली तरी चालेल.

मग फोमवालं शटर घ्यायचंच नाही का? गॅरेजमध्ये ऑफिस, जिम किंवा क्लास सुरू केला असेल आणि एसी लावला असेल तर घ्या, आणि हिशोब हिवाळ्याचा करू नका, मे महिन्याचा करा. पश्चिमेकडच्या शटरचा पत्रा दुपारी आतल्या हवेपेक्षा वीस-पंचवीस अंशांनी जास्त तापतो, तिथे दीड टनाचा एसी रोज त्या पत्र्याशी भांडत असतो आणि तिथे दोन पत्र्यांत फोम भरलेल्या पट्ट्यांचे पैसे निघू शकतात. घेताना दुकानदाराला तीन गोष्टी विचारा, गाईडला ब्रश येतो का, खाली रबर बदलता येण्यासारखं आहे का, आणि वरच्या बॉक्सला आतून कव्हर आहे का. या तिन्हीला नाही म्हणाला तर आतला फोम कितीही भारी असू दे, जुनंच शटर ठेवा आणि पडदा शिवून घ्या.